दृढीकरणाचा वर्ग

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाचा वर्ग घ्यायला 2023 साली कुणी मोकळं नव्हतं. आधी घेणारे सर लेकाकडे पुण्याला राहायला गेले, पाळकसाहेबांच्या गळ्यात दोन मंडळ्या, आणि तरुण संघाच्या सेक्रेटरीची स्वतःचीच बारावी. फिरत फिरत ते काम माझ्याकडे आलं. मी शिक्षिका नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. "काकू, पुस्तक तेवढं पूर्ण करून घ्या, ईस्टरनंतर बिशप येणार आहेत," एवढीच सूचना.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे बहुतेक लेकरांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. बाळाच्या वतीने आईबाप आणि धर्मपालक वचन देतात. तेच लेकरू चौदा-पंधरा वर्षांचं झालं की मंडळीसमोर उभं राहून म्हणतं, ते वचन आता माझं. बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि तिथून पुढे ते प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्यात, भाग घेतं. प्रत्यक्षात हा दिवस नवे कपडे, फोटो, केक आणि दुपारची बिर्याणी यांचाच होऊन बसलाय. बिर्याणीबद्दल माझी तक्रार नाही.

आमचं घराणं मूळ नगरचं. आजेसासरे रेल्वेच्या नोकरीत इंदूरला आले ते इथलेच झाले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी इथे 1877 मध्ये काम सुरू केलं, इंदूर ख्रिश्चन कॉलेज 1887चं. ते काम मुख्यतः हिंदीत चाललं, मराठी बोलणारे ख्रिस्ती आम्ही मूठभर. त्यामुळे उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत आणि पोरांची आपापसातली भाषा 'भिया'वाली इंदुरी. वर्गात दहा-बारा पोरं होती: तीन-चार मराठी घरांतली, काही हिंदी, एक मल्याळी मुलगी, झाबुआकडून शिकायला आलेले दोन भिल्ल भाऊ, आणि माझी थोरली. आपल्याच मुलीला वर्गात बसवून शिकवणं हा एक वेगळाच छळ आहे, तिचा आणि आपलाही.

पुस्तक दिवाळीच्या आतच संपलं. प्रश्न विचारला की उत्तर तयार. दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार, संस्कार म्हणजे काय, पवित्र आत्मा कोण, सगळं धडाधड. ही पोरं संडे स्कूलपासून वचनं पाठ करत आलेली. पाठांतराच्या बक्षिसाचे टिफिन आमच्या घरात इतके साठलेत की भावकीत वाटता येतील. पण उत्तरं देताना चेहऱ्यावर भाव कसे, तर केमिस्ट्रीची व्हॅलन्सी सांगताना असतात तसे. मला ते खटकायला लागलं.

एका रविवारी मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, प्रश्न एकच: शेवटची खरीखुरी प्रार्थना कधी केलीस आणि कशासाठी? चिठ्ठ्या घरी आणून रात्री ओट्याशी उभ्या उभ्या वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत परीक्षा होती. एकीत क्रिकेटची फायनल. एका मुलाने लिहिलं होतं, 'मम्मी बगल में होती है, इसलिए आँखें बंद कर लेता हूँ.' एकीत, 'आजीसाठी केली होती. आजी गेली. त्यानंतर नाही केली.' आणि एकीत फक्त, 'कुणी ऐकतं का, माहीत नाही.' ही शेवटची चिठ्ठी मराठीत होती आणि ते अक्षर मी केजीपासून ओळखते.

चिठ्ठ्या पाळकसाहेबांना दाखवल्या. त्यांनी मला अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं सांगितलं. ख्रिश्चन स्मिथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002-03 मध्ये तीन हजारांवर किशोरवयीन मुलामुलींशी फोनवर बोलून, त्यातल्या काहींना समोरासमोर भेटून, 2005 मध्ये निष्कर्ष मांडले. चर्चला जाणाऱ्या पोरांचाही देव साधारण असा निघाला: तो आहे, आपण चांगलं वागावं आणि सुखी असावं असं त्याला वाटतं, एरवी तो मध्येमध्ये येत नाही, अडचण आली की हाक मारायची, आणि चांगली माणसं मेल्यावर स्वर्गात जातात. यात क्रूस कुठेच नाही. मुलांचा विश्वास बहुतेक वेळा आईबापांच्या वळणावरच जातो, हेही त्याच अभ्यासातलं. मला तर ते वर्णन आमच्या मंडळीतल्या मोठ्यांनाच जास्त लागू वाटलं. आमच्या साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे मंडळीसमोर उभं राहून सांगणं, ऐका कधीतरी. मुलाला नोकरी लागली, फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं, व्हिसा मिळाला. आभार मानायलाच हवेत. पण ज्याचा व्हिसा नाकारला तो साक्ष द्यायला उभा राहिल्याचं मला आठवत नाही. पोरं हे सगळं मागच्या बाकावरून ऐकत असतात आणि त्यातून काय घ्यायचं ते बरोबर घेतात.

आमच्याकडे आणखी एक गाठ आहे. मध्य प्रदेशात धर्मांतराबाबतचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मध्ये त्याच्या जागी नवा, जास्त कडक कायदा आला. आमच्या पोरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण घराघरांतून त्यांना बजावलेलं असतं, शाळेत येशूचा विषय काढू नकोस, उगाच वाद नको. मीही माझ्या मुलांना तेच सांगते. वर्गातल्या मल्याळी मुलीला बाकावरच्या मैत्रिणीने सहज विचारलं होतं, "तुम लोग कब कन्व्हर्ट हुए?" तिच्या घरची परंपरा थेट येशूचा शिष्य संत थोमाशी, इसवी सन 52शी नातं सांगणारी, आणि पोरगी हसून गप्प बसली, कारण तिला काही सांगताच येईना. बाहेर बोलायचं नाही आणि घरात बोलायचं ते ठरलेल्या शब्दांत. मग या मुलांना स्वतःचे शब्द फुटणार कुठे? आमच्या वर्गाची खोली, ढकलला तरच फिरणारा पंखा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढीच जागा उरत होती.

पुस्तक कपाटात गेलं आणि टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा आला. त्यात प्रश्न टाकायचे. मी कबूल केलं की कुणाचा प्रश्न घरी जाणार नाही, आणि मला येत नसेल तर येत नाही म्हणेन. पहिले दोन रविवार डायनोसॉर निघाले. मग हळूहळू खरे प्रश्न यायला लागले. 'माझ्या हिंदू मैत्रिणी नरकात जाणार का?' 'येशू बरं करतो तर आपण एमवाय हॉस्पिटलमध्ये का जातो?' 'पाप करताना मजा येते, हे पण पाप आहे का?' एक-दोन तर असे की पाळकसाहेबांनीही आधी पाणी मागितलं. मैत्रिणींबद्दल विचारणारी मुलगी नंतर स्वतःहून बोलली. ती आणि तिची मैत्रीण तिसरीपासून एका डब्यात जेवतात. मी तिला म्हटलं, न्याय करणं त्याच्याकडे आहे आणि तुझं तुझ्या मैत्रिणीवर जितकं प्रेम आहे त्याहून त्याचं जास्त आहे, एवढं मी ठामपणे सांगते, त्यापुढचं मला माहीत नाही. तिला ते पुरलं नाही. मला तरी कुठे पुरतं?

गिटार वाजवणाऱ्या मुलाने चिठ्ठी न टाकता तोंडावरच विचारलं, "आंटी, मला पाण्यात घातलं तेव्हा मला विचारलं होतं का कुणी?" प्रश्न चांगला होता, कारण त्याच्यापायी चर्चच्या चर्च फुटल्यात. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झाली. त्यात अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन होते, जे तान्ह्यांना बाप्तिस्मा देतात, आणि बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्सही होते, जे मोठेपणी समजून-उमजूनच देतात. वर्षानुवर्षं बोलणी करून शेवटी दोन्ही पद्धती मान्य करून ते एका छपराखाली आले. हे त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपला प्रश्न उद्धटपणाचा नाही, मोठमोठे बिशप त्यावर डोकं खपवून बसलेत, हे त्याला फारच आवडलं. "मग माझ्या मम्मी-पप्पांनी कुठल्या बाजूने विचार केला होता?" म्हणून त्याने घरी जाऊन विचारलं. घरी कुणी विचार केला नव्हता, आजोबांनी तारीख ठरवली होती. पुढच्या रविवारी त्याचे वडील मला चर्चच्या पायरीवर भेटले आणि जरा घुश्शातच म्हणाले, "सिस्टर, पोरांच्या डोक्यात शंका घालू नका."

शंका डोक्यात आधीच होत्या, मी फक्त डबा ठेवला होता. पण त्यांना तोंडावर काय सांगणार? मी लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाची आठवण दिली. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मधोमध बसून त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. मरीया आणि योसेफाला तीन दिवसांनी मुलगा सापडला. आमचं पोर भंवरकुआँच्या कोचिंगहून अर्धा तास उशिरा आलं तर आम्ही दहा फोन लावतो.

त्या हिवाळ्यात आम्ही स्तोत्रं वाचली, पण नेहमीची नाही. तेरावं, ज्याची सुरुवातच 'हे परमेश्वरा, कोठवर?' अशी आहे. आणि अठ्ठ्याऐंशीवं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आशेची एक ओळ येत नाही. असं काही पवित्र शास्त्रात आहे, हे पोरांना ठाऊकच नव्हतं, कारण पाठांतराच्या यादीत ते कधी नसतं. मग म्हटलं, तुमचं लिहा. कोचिंगवाल्या मुलाने आधी 'हे परमेश्वरा, कोठवर ओएमआर शीट?' लिहून सगळ्यांना हसवलं. त्याखाली बारीक अक्षरात होतं: 'रैंक मत दे, चलेगा. फीस की किश्त वाले दिन पापा चुप हो जाते हैं, बस वो ठीक कर दे.' त्या मुलाच्या तोंडून 'हे प्रभो, हम सबको आशीष दे' याच्या पलीकडे मी कधी काही ऐकलं नव्हतं.

शिबिरांबद्दल एक सांगून टाकते. उन्हाळ्यात तरुणांची मोठी शिबिरं होतात. शेवटच्या रात्री दिवे मंद, की-बोर्ड चालू, आणि पोरं रडून पुढे येतात. मी त्या अश्रूंना खोटं म्हणत नाही, मीही कधीकाळी रडलेय. पण घरी आल्यावर जुलैच्या पहिल्या युनिट टेस्टपर्यंत ते टिकलेलं मी फारसं पाहिलं नाही. शिबिराला आपण लागतो गर्दी म्हणून. त्यांची खरीच गरज असावी असं कुठे काही आहे का, हे मी शोधत होते, आणि ते पाळकसाहेबांना सुचलं.

नाताळाआधी ते अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात. या वेळी सोबत दोन-दोन पोरं न्यायची. पोरांना अजून प्रभुभोजन घेता येत नव्हतं, पण थाळी धरता येत होती. गिटारवाला आणि माझी थोरली यांच्या वाट्याला परदेशीपुऱ्यातले एक मराठी आजोबा आले. ऐंशी कधीच ओलांडलेली. एक खोली, लोखंडी पलंग, भिंतीवर येशूचं चित्र असलेलं सरत्या वर्षाचं कॅलेंडर, कारण नवं अजून मिळायचं होतं. आजोबा इंदूरच्या एका कापड गिरणीत कामाला होते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली आणि कामगारांची देणी तीस वर्षं अडकून राहिली.

आजोबांनी माझ्या लेकीला विचारलं, "मराठी वाचतेस का गं?" आणि उशाखालचं, कडा पिवळ्या पडलेलं पवित्र शास्त्र पुढे केलं. तिने तेविसावं स्तोत्र काढलं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' ती अडखळली की आजोबा डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगायचे. वाचून झाल्यावर गिटारवाल्याने खोलीभर नजर फिरवली आणि त्याच्या सवयीने थेट विचारलं, "दादाजी, सच में आपको कुछ कमी नहीं पड़ी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळकसाहेब थाळीतल्या काचेच्या इवल्या पेल्यांत रस ओतत होते, त्यांचा हात तिथेच थांबला.

आजोबा म्हणाले, "पडली ना. पुष्कळ पडली." मग मराठीतच सांगत राहिले, माझी लेक त्याला हिंदीत सांगत गेली. गेट बंद झालं त्या महिन्यापासून बायको शिवणकाम करायला लागली. तिची अंगठी गेली, मग सायकल गेली. दर तारखेला वाटायचं, या खेपेला होईल. "राग नाही आला?" मुलाने विचारलं. "आला की. चर्चची पायरी चढलो नाही कितीतरी वर्षं. घरी बसून त्याच्याशी भांडायचो. बायको म्हणायची, निदान मोठ्याने भांडा, मला कळू तरी दे काय चाललंय." आणि ते हसले. मग थाळीकडे बोट दाखवून म्हणाले, "नीट धर, सांडशील."

25 डिसेंबरला, नेमक्या नाताळच्या दिवशी, त्या कामगारांची देणी चुकती करण्याचा कार्यक्रम झाला, बातमी सगळीकडे झळकली. पोरं हरखून गेली. गिटारवाल्याने ग्रुपवर टाकलं, 'प्रेयर आन्सर्ड!!!' आणि दोघं केक घेऊन परदेशीपुऱ्याला पळाली. आजोबांनी केक खाल्ला. म्हणाले, पैसे मिळतील ते बरंच झालं, नातवाच्या फीला होतील. "पण माझ्या प्रार्थनेचं उत्तर म्हणू नका रे याला. ज्या बाईसाठी मागत होतो ती गेली, सात वर्षं झाली." हे लेकीने मला घरी येऊन सांगितलं. बराच वेळ ती स्वयंपाकघरात उभीच होती. मग म्हणाली, "तरी ते रोज सकाळी बोलतात त्याच्याशी. का बोलतात गं?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. आणि ती खरंच दर शनिवारी जायला लागली. आजोबांना वाचून दाखवायला, असं कारण सांगून.

ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्याने सुरू होतो तो राखेचा बुधवार 2024 मध्ये 14 फेब्रुवारीला आला. कपाळावर राख आणि हातात व्हॅलेंटाइनचा गुलाब, या कल्पनेवर पोरांनी आठवडाभर विनोद केले. उपवासकाळातल्या एका रविवारी, 25 फेब्रुवारीला, मी सिस्टर राणी मारियांबद्दल बोलले. याच तारखेला 1995 मध्ये, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, त्यांना भोसकून मारलं गेलं. केरळच्या या सिस्टर आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारी कर्जातून त्यांना सोडवायच्या, आणि ज्यांचा धंदा त्याने बुडत होता त्यांना ते खुपत होतं. मारेकरी समुंदर सिंग याला जन्मठेप झाली. सिस्टरची सख्खी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच, त्याला भेटायला तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी राणी मारियांना इंदुरातच धन्य घोषित केलं गेलं, कॅथलिकांत ही संतपदाच्या आधीची पायरी.

"पण त्या कॅथलिक, आपण सीएनआय," कुणीतरी म्हणालं. झाबुआच्या दोघांपैकी थोरला, जो एरवी तोंड उघडत नसे, एकदम बोलला. सावकाराचं व्याज म्हणजे काय, हे त्याने बाकीच्यांना समजावलं. किती घेतले, किती फेडले, बैल कसा गेला. वर्गातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरांनी असं काही पहिल्यांदाच ऐकलं असावं. कॅथलिक की सीएनआय हा मुद्दा तिथेच बारगळला.

मग राखीवर जुंपली. "मी नाही बांधणार," मल्याळी मुलगी म्हणाली, "मला जमणारच नाही." कोचिंगवाल्याच्या काकांनी घराच्या वाटणीत त्याच्या वडिलांना फसवलं, दोन्ही घरांचं येणंजाणं बंद आहे. त्याने विचारलं, "म्हणजे मला काकांना माफ करावं लागेल? आणि घर?" माझ्याकडे याला छापील उत्तर होतं, येशूचं 'सत्तर वेळा सात माफ करा'वालं. ते मी दिलं नाही. मी एवढंच दाखवलं की सेल्मी पॉल यांनी राखी बांधली तेव्हा तो माणूस शिक्षाच भोगत होता. क्षमा केली म्हणून जे झालं ते झालंच नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. त्याने घरी जाऊन वडिलांना काय सांगितलं कुणास ठाऊक, काकांचा प्रश्न अजून कोर्टात आहे.

आता गेरची, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीची, गंमत. होळी आणि ईस्टर दोन्ही चंद्रावर चालतात, त्यामुळे आमची रंगपंचमी जवळपास दरवर्षी उपवासकाळातच येते. 2024 मध्ये तर कहर झाला: शुभ शुक्रवार 29 मार्चला, रंगपंचमी 30 ला, ईस्टर 31 ला. म्हणजे येशू कबरेत आहे त्या शनिवारी राजवाड्यावर गेर. इंदूरच्या पोराला गेर चुकव म्हणणं म्हणजे काय, हे इंदूरवाल्यालाच कळेल. टँकरमधून रंगाचे फवारे, तोफांमधून गुलाल, राजवाड्यासमोर मुंगीला जागा नसते. पोरांनी विचारलं, जायचं का? दोन आयांनी मला आधीच फोन करून ठेवला होता की नाही म्हणा. मी पोरांना म्हटलं, रविवारी पहाटे पाचला कबरस्थानात उपासना आहे, शुक्रवारी येशूच्या क्रूसावरच्या सात वचनांवर तीन तास बसायचं आहे, या दोन्हींच्या मध्ये शनिवार आहे. ठरवा तुम्ही. त्यांनी यावर जितकी चर्चा केली तितकी पुस्तकातल्या एकाही प्रश्नावर केली नव्हती. निम्मी गेली, निम्मी नाही. न जाणाऱ्यांत माझी लेक होती, कारण विचारलं तर म्हणाली, "शुक्रवारनंतर मनच झालं नाही." आणि रविवारी पहाटे, अजून अंधार असताना, मेणबत्त्या घेऊन सगळी हजर. गेलेल्यांचे कान आणि माना गुलाबी, नखं हिरवी. एक वडीलधारे कुरकुरले. पाळकसाहेब म्हणाले, "आले ना? मग गुलाबी तर गुलाबी."

ईस्टरनंतर फॉर्म भरायची वेळ आली आणि थोरली म्हणाली, "आई, मी नाही उभी राहणार."

"का?"

"त्यात 'मी विश्वास ठेवते' म्हणायचंय. काही दिवशी ठेवते, काही दिवशी नाही. बिशप येतील तो कुठला दिवस असेल मला काय माहीत."

मी मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या बापाची आठवण दिली, ज्याचा मुलगा आजारी होता आणि जो येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. लेक म्हणाली, "हो, पण तो येशूला म्हणाला, बिशपना नाही. आणि त्याच्यामागे फोटोग्राफर नव्हता."

यावर मी काय बोलणार होते? वर्ग घेणाऱ्या बाईचीच मुलगी बसून राहणार, म्हणजे लोकांच्या जिभेला हाड नाही. रात्री नवऱ्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, सगळे करतात, करून टाकू दे, समज मागाहून येते. त्यात तथ्य नाही असं नाही, त्याची स्वतःची समज मागाहूनच आली. पण वर्षभर पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणायचं आणि आपल्या घरातलं खरं दाबायचं, हे माझ्याच्याने होईना.

मला धास्ती होती सासूबाईंची. त्या पहाटे चारला उठून घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करतात, भिंतीपलीकडच्या जैन शेजाऱ्यांचंसुद्धा. तिमथ्याच्या आजी लोईसचं नाव बायबलमधल्या पत्रात आहे, तर माझं का नको, असं गमतीने म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं. नगरच्या त्या, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं पाठ. म्हणाल्या, "टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. नवरा टिळकांसारखा असून त्या बाईला पाच वर्षं लागली. हिला तर तूच आहेस." आणि थोड्या वेळाने, "पण माझं वय झालंय, एवढं तिच्या कानावर घाल."

पाळकसाहेबांनी तिचं नाव यादीतून शांतपणे कमी केलं. दृढीकरणाच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली, नंतर पंगतीत पाणी वाढत होती. "तुमचीच राहिली का हो?" हे मी पाच-सहा जणींकडून ऐकलं आणि प्रत्येकीला "हो" एवढंच सांगितलं. गिटारवाल्याने बिशपसमोर मोठ्या आवाजात उत्तरं दिली. झाबुआच्या थोरल्याचा आवाज फुटेना, तर बिशप थांबले.

त्यातली दोन मुलं आता येत नाहीत. एक कोटाला आहे, दुसऱ्याचं कारण मला माहीत नाही. मी त्यांना फोन करते, चर्चला का येत नाही हे विचारायला नाही, मेसचं जेवण कसं आहे ते विचारायला. गिटारवाला आजोबांच्या नातवाला गणित शिकवतो. माझी लेक अजून शनिवारी जाते. दृढीकरणाचं तिने पुन्हा काढलेलं नाही, मीही नाही. मात्र मध्यंतरी तिच्या सरावाच्या वहीच्या मागच्या पानावर तेराव्या स्तोत्राखाली तिने स्वतःचं चार ओळींचं काही लिहिलेलं दिसलं. ते मी इथे देणार नाही, ते माझं नाही.

पुढचा वर्ग मीच घ्यावा, असं पाळकसाहेबांचं म्हणणं आहे. मी अटी घातल्या. प्रत्येक पोराला मंडळीतलं एक म्हातारं माणूस जोडून द्यायचं आणि ते वर्ग संपल्यावरही सुटणार नाही. साक्षीच्या वेळी महिन्यातून एकदा अशा कुणाला तरी उभं करायचं ज्याचं काम झालेलं नाही. फॉर्मवर 'अजून नाही' असा रकाना हवा. आणि त्या दिवशी फोटोग्राफर नको. पहिल्या तिन्ही मान्य झाल्या. चौथीवर कमिटीत अडलंय, कारण फोटोग्राफर खजिनदारांचा भाचा आहे.